बाईंचं नाव

आयुष्यात मी जितक्या वेळा हादरले, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा एकाच घरात हादरले. ते घर म्हैसूरला, सरस्वतीपुरममध्ये. खाली घरमालकीणबाई आणि त्यांची धाकटी बहीण, वर मी. सांगलीहून नोकरीसाठी आलेली, तिशी गाठलेली, एकटी, आणि माझ्या आईच्या शब्दांत सांगायचं तर 'गरजेपेक्षा जास्त सरळ'. अशा बाईने नटीच्या घरात भाड्याने राहू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. कन्नड नाटकं-सिनेमे बघणाऱ्या पन्नाशीपुढच्या कुणालाही ते माहीत असतं. पण ते कुणाचं म्हणून लिहायचं, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिला धक्का घर बघायला गेले तेव्हाच बसला. मी फाटक उघडून आत आले, नमस्कार केला. पायरीवर बसलेल्या जाडजूड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेल्या बाई म्हणाल्या, "आधी फाटकापर्यंत जाऊन परत ये."

मला वाटलं, फाटक उघडं राहिलं असेल. गेले, बघितलं, बंदच होतं, परत आले.

"चप्पल नवीन आहे, डावी टोचते. आणि येताना कुणाशी तरी भांडून आलीस, खांदे अजून वरच आहेत. चालेल. वरची खोली तुझी."

मी खरोखरच दोन गल्ल्या अलीकडे एजंटशी कडाकडा भांडून आले होते. "पण मावशी, डिपॉझिट, अॅग्रीमेंट..." मी चाचरत म्हणाले.

"अय्यो, ते कागदाचं मत्ते बघू गं. कागद काय, काय पण सांगतो. चाल खोटं सांगत नाही, अष्टे."

त्यांची मराठी अशी. 'मत्ते' म्हणजे नंतर आणि 'अष्टे' म्हणजे बस, एवढंच, हे मला पुढे कळलं. घराणं मराठी, पण कुठल्या पिढीत म्हैसूरला आलं ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. राजवाड्याच्या घोड्यांची देखभाल करणारा कुणी पणजोबा-खापरपणजोबा होता म्हणे. घरात दोघी बहिणी मराठीत सुरुवात करत आणि कन्नडमध्ये पोचत. मी मधेच कुठेतरी सुटून जायची. वर्षभरात मीही 'अय्यो' आणि पुरे म्हणायला 'साकु' करायला लागले, तेव्हा आईने फोनवर काळजीने विचारलं होतं की तुझं सगळं ठीक आहे ना.

बाई सतराव्या वर्षी नाटक कंपनीत गेल्या. तंबू ठोकून गावोगाव प्रयोग करणारी कंपनी. पुढे सिनेमेही सुरू झाले. कात्रणांची एक जाड वही त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात वाचायला दिली. वाचायला म्हणजे कन्नड अक्षरं लावत बसायला. लिहिणारा जो तो एकाच गोष्टीने थक्क झालेला. रंगमंचावर हिचा आवाज तंबूच्या कनाती हलवतो आणि पडद्यावर हीच बाई कुजबुजल्यासारखी बोलते, डोळ्याच्या एका कडेने सगळं सांगते. एका अंगात दोन नट्या कशा मावतात, असं सगळ्यांनी आपापल्या परीने लिहिलेलं. बाईंनी ती वही देताना चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी भारावून परत केली तर म्हणाल्या, "पुस्तकाला कॉफी सांडलीस, नोडु, बघ."

त्यांचा सराव कधी थांबत नसे. दारावर कढीपत्ता-कोथिंबीर घेऊन येणारी बाई होती. तिच्याशी त्या रोज वेगळ्या माणसाच्या तोंडून बोलत. सोमवारी पोलीस अधिकाऱ्याची बायको, मंगळवारी सुनेने छळलेली सासू, बुधवारी मुक्या. भाजीवालीही वस्ताद. मुक्या वारी तीही हातवारे करून भाव सांगायची. मी एकदा सुट्टीच्या दिवशी खाली आले तर बाई फाटकाला धरून ओक्साबोक्शी रडत होत्या आणि भाजीवाली पदराने त्यांचे डोळे पुसत होती. मी धावले. दोघींनी माझ्याकडे बघितलं, बाईंनी खाडकन रडणं थांबवलं आणि म्हणाल्या, "मधे येऊ नकोस गं पोरी, मगळे, माझा ताल गेला."

रडण्याबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "रडायला डोळे लागत नाहीत, मान लागते. मागच्या रांगेतल्याला तुझे डोळे दिसतात काय? त्याने तिकीट काढलेलं नाही काय? मान हलली पाहिजे." आणि मानेची एक शीर अशी थरथरवून दाखवायच्या की मी ओढणी डोळ्यांना लावायची. हे शिक्षण चालू असताना त्यांची बहीण कॉफीचा लोटा ठेवायला आली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली. "कॅमेऱ्यापुढे मान हलली की संपलं. तिथे श्वास फक्त." बाईंनी तिच्याकडे बघितलं. ती लगबगीने आत गेली.

या बहिणीला सगळी गल्ली चिक्कम्मा म्हणायची, म्हणजे धाकटी मावशी. मीही म्हणायचे. बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान, नाकडोळे तसेच, पण अंगाने काडी. तिन्ही त्रिकाळ स्वयंपाकघरात. गल्लीत कुणाच्या लग्नाला नाही, देवळात नाही. मला वाटायचं, लाजाळू स्वभाव. टीव्हीवर बाईंचा जुना सिनेमा लागला की बाई उठून झाडांना पाणी घालायला जायच्या आणि चिक्कम्मा दारात उभ्या राहून शेवटपर्यंत बघायच्या, ओठ हलवत. बहिणीचे संवाद पाठ आहेत बिचारीला, किती माया, असं मला वाटून भरून आलेलं आठवतं. आज माझ्या त्या मूर्खपणाची मला चीड येते.

बैलकुप्प्याची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. एका रविवारी म्हणाल्या, चल, बैलकुप्प्याला तिबेटी लोकांचा मठ बघून येऊ. मला वाटलं, म्हातारपणी देवाधर्माची ओढ लागली. बसने गेलो. प्रार्थना चालू होती. लालसर वस्त्रातले भिक्षू ओळीने बसलेले, आणि बाई त्यांच्याकडे पाठ करून पर्यटकांकडे बघत बसल्या. "बघणाऱ्यांकडे बघ," त्या कुजबुजल्या. "कंटाळा आला की माणसाचा पाय आधी चप्पल शोधतो. चप्पल बाहेर आहे हे पायाला माहीत नसतं." मी बघितलं. खरंच चारपाच जणांचे अंगठे जमिनीवर चाचपत होते.

इथवर ठीक होतं. बाहेर आल्यावर त्या एका वयस्कर भिक्षूसमोर उभ्या राहिल्या आणि मोडक्या हिंदीत त्यांनी सांगायला सुरुवात केली की माझा एकुलता एक मुलगा घर सोडून इथे येऊन भिक्षू झालाय, मला त्याला एकदाच लांबून बघायचंय. बाईंना मूल नव्हतं. त्यांचं लग्नच झालं नव्हतं! तो भला माणूस त्यांचा हात धरून या दालनातून त्या दालनात फिरला, तरुण भिक्षूंना थांबवून विचारत राहिला. चांगला तासभर. शेवटी त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना वाट्टेल ते बोलले. देवाच्या दारात खोटं बोलता, लाज नाही वाटत? बाई खिडकीतून उसाची शेतं बघत होत्या. "तो खरंच शोधत होता गं," त्या म्हणाल्या. "इतका चांगला प्रेक्षक मला किती वर्षांत मिळाला नव्हता." घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मग एका सत्काराचं पत्र आलं. शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने बाईंचा जाहीर गौरव करायचं ठरवलं होतं. 'रंगमंच आणि रुपेरी पडदा या दोन्हींवर राज्य केल्याबद्दल.' मंडळाला त्यांच्या कामाची दहा मिनिटांची चित्रफीत हवी होती, आणि कॉम्प्युटरवर बसणारी या घरात मी एकटी. नाटकांची छायाचित्रं होती. सिनेमे मी नेटवरून शोधून काढले आणि एका शनिवारी सकाळपासून तुकडे कापत बसले.

एक साधंच दृश्य होतं. विधवा आई कळशी घेऊन अंगणातून आत येते. संवाद नाही. मी ते एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. उजवी टाच जमिनीला किंचित उशिरा टेकत होती. पाऊल आधी, टाच मागून. बाई टाच आपटत चालत, वर माझ्या खोलीत भांडी वाजत. मग ही चाल माझ्या इतकी ओळखीची कशी? मी दुसरा सिनेमा लावला, तिसरा, सातवा. सासू, कुंटीण, वेडी, मंत्र्याची आई. प्रत्येकीच्या अंगात वेगळं माणूस आणि प्रत्येकीची टाच मागून. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, चिक्कम्मा कॉफी घेऊन वर आल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्या पायांकडे बघितलं.

उजवी टाच मागून टेकली. लॅपटॉपवर त्यांचाच तरुण चेहरा थांबलेला होता. चिक्कम्मांनी तो बघितला, मला बघितलं, लोटा ठेवला आणि उतरल्या.

मी तशीच खाली गेले. बाई पाय पसरून शेंगा सोलत होत्या. "मावशी, सिनेमातल्या तुम्ही नाहीच," मी म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "मग?"

मग त्यांनी शेंगा सोलता सोलता सांगितलं. कंपनीत त्यांचं नाव झाल्यावर एका दिग्दर्शकाने सिनेमाला बोलावलं. करार झाला, जाहिरात छापून आली. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या तर तो म्हणाला, बाई, तुमचा चेहरा म्हणजे लाऊडस्पीकर आहे, बंद होत नाही. धाकटी सोबत मेकअपची पेटी सांभाळायला गेली होती. उजेड नीट पडतो का बघायला कॅमेरावाल्याने तिला उभं केलं, आणि तिला तिथून परत बसूच दिलं नाही. पण नाव थोरलीचं छापून गेलेलं. कंपनीच्या मालकाला कळलं तेव्हा तो खूश झाला. सिनेमातली नटी प्रत्यक्ष तंबूत म्हटल्यावर गर्दी दुप्पट. त्यानेच ठरवलं की नाव एकच ठेवायचं. रंगमंचावर थोरली, पडद्यावर धाकटी. तेव्हा दोघी अंगानेही सारख्याच होत्या, त्यातून मेकअप. दोघींनी एकत्र कुणाला दिसायचं नाही.

"आणि हे किती दिवस?"

"दिवस कसले. तिचा शेवटचा सिनेमा होईपर्यंत."

एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने धाकटीला मागणी घातली होती म्हणे. त्याला ती थोरलीच्या नावानेच माहीत. लग्न करायचं तर खरं सांगावं लागलं असतं. बाईंनी नकार कळवला. धाकटीला विचारलंही नाही. हे सगळं त्या अशा सांगत होत्या की जणू पाणी किती वाजता येतं ते सांगतायत. "तुम्ही तिचं आयुष्य खाल्लंत," मी म्हणाले.

"खाल्लं," बाई म्हणाल्या. "पण वाढत तीच होती गं."

मी चिक्कम्मांना गाठलं. म्हटलं, आता तरी सांगा जगाला, सत्कार तुमचा आहे, निम्मा तरी. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "बेडा, बेडा. नको गं बाई. अक्काला काय म्हणतील लोक!" मी हरले आणि वर आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ठेवल्यावर त्या लगेच गेल्या नाहीत. दाराशी घोटाळत राहिल्या. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते कार्ड छापतायत ना, कार्यक्रमाचं... त्याच्यावर दोन नावं मावतात काय?"

मला रडू फुटलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने चाळीस सिनेमे करून काय मागावं, तर कार्डावर एक ओळ. मी धडाधड जिना उतरले आणि बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "कार्ड छापून झालंय," त्या म्हणाल्या. त्यानंतर कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मी त्या घरात कुणाशी धड बोलले नाही. चित्रफीत मात्र केली. सिनेमांचे तुकडे जास्त घातले, तेवढाच माझा सूड.

सत्काराला सभागृह भरलं होतं. बहुतेक पेन्शनर, शिक्षक, नाटकवेडे. बाई जरीच्या साडीत, आणि आश्चर्य म्हणजे चिक्कम्माही आल्या होत्या, माझ्या शेजारी पहिल्या रांगेत, अंग चोरून. चित्रफीत दाखवली, टाळ्या झाल्या, शाल घातली, हार घातला. बाई बोलायला उठल्या. माईक बाजूला सारला. मग पायऱ्या उतरून आमच्याकडे आल्या, बहिणीचं मनगट धरलं आणि तिला ओढत वर घेऊन गेल्या.

"आत्ता तुम्ही पडद्यावर जी बघितलीत ती मी नव्हे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "कॅमेऱ्यापुढे मी आयुष्यात एक सकाळ उभी राहिले, आणि मला बसवलं. ते सगळे सिनेमे हिचे आहेत. हिने केले, मी नाव लावलं. हिचं लग्न मी मोडलं. आज ही शालसुद्धा मीच पांघरून उभी आहे." त्यांनी चिक्कम्मांचं खरं नाव घेतलं. पुन्हा एकदा घेतलं, मोठ्याने, शेवटच्या रांगेला जाईल असं.

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलत नव्हती. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं आणि आवाज फुटत नव्हता. इतक्या वर्षांत त्या बाईला मी पहिल्यांदा खरं रडताना बघत होते. मला बसवेना.

मग मागच्या रांगेतून एक टाळी आली. दुसरी आली. बघता बघता सगळे उभे राहिले. माझ्या शेजारचे गृहस्थ रुमालाने नाक पुसत म्हणाले, "काय लिहिलंय हो! या वयात नवीन स्वगत!" अध्यक्षांनी डोळे पुसत माईक हातात घेतला. या महान अभिनेत्रीने आजच्या दिवसासाठी खास प्रवेश बसवला, आपल्या धाकट्या बहिणीलाही त्यात रंगमंचावर उभं राहण्याची संधी दिली, वगैरे वगैरे ते बोलत राहिले.

"नाटक नव्हे हे!" बाई ओरडल्या. तंबूच्या कनाती हलवणारा तोच आवाज. "खरं सांगतेय मी!"

टाळ्या दुपटीने वाजल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी उभी राहून "खरं आहे, खरं आहे" म्हणत होते, ते माझं मलाही ऐकू आलं नाही. त्या मठातल्या म्हाताऱ्याला नसलेला मुलगा खरा वाटला होता, आणि इथे शेकडो शहाण्या माणसांना समोर उभी असलेली बहीण खरी वाटेना. एवढी हतबल मी कधी झाले नव्हते. बाई एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. चिक्कम्मा मात्र टाळ्यांकडे बघत होत्या, डोळे मोठे करून. समोरासमोर टाळ्या त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या.

गर्दी ओसरल्यावर मंडळाचे चिटणीस एक जाड वही घेऊन आले. आजवरच्या सगळ्या सत्कारमूर्तींच्या सह्या त्यात होत्या. एका पानावर एक नाव छापलेलं, त्याखाली सहीची जागा. बाईंनी वही घेतली, पेन घेतलं आणि दोन्ही बहिणीपुढे सरकवलं. "छापलेलं खोड," त्या म्हणाल्या. "खाली तुझं लिही. हे तरी राहील."

चिटणीस हसले. त्यांना अजून प्रवेशच चालू आहे असं वाटत असावं.

चिक्कम्मांनी पेन धरलं. छापलेलं नाव काही खोडलं नाही. एका दमात सही केली. वळणदार, सराईत, खाली एक रेघ ओढलेली. मी वाकून बघितलं. बाईंचंच नाव होतं.

"अगं तुझं!" बाई म्हणाल्या. "तुझं नाव लिही!"

"मला दुसरी सही येत नाही गं अक्का," चिक्कम्मा म्हणाल्या. "बँकेत मी अंगठा लावते. तूच म्हणाली होतीस, स्वतःचं नाव कुठे लिहू नकोस म्हणून."

चिटणीसांनी वही बाईंपुढे फिरवली आणि म्हणाले, आता आपली सही, मॅडम. बाईंनी पेन घेतलं. पानावर त्यांच्या छापील नावाखाली त्यांची सही होऊन गेलेली होती. पेन हातात धरून त्या पान बघत राहिल्या, आणि आपण कुठे लिहायचं ते त्यांना कळेना.